भागीरथीचा आवाज

"विचारून येतंय," असं म्हणून पमाने हातातलं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आतल्या काळोख्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

मी ओटीवर बसले होते. घरात दुसरं कोणी नाही, हे मला येतानाच सांगण्यात आलं होतं. पमाची आई वारून वर्ष उलटलं होतं, वडील त्याच्याही आधी गेलेले, आणि एकुलता एक भाऊ बदलापूरला. मग ही कुणाला विचारायला गेली? असेल मांजराला, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं.

तो खोकला पमाचा नव्हता. पमा चाळिशीची, बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि तिचा आवाज शाळकरी पोरीसारखा बारीक. हा खोकला दमेकरी म्हातारीचा होता, छातीच्या तळातून ओढून काढलेला. खोकून झाल्यावर एक जड, खरखरीत आवाज आला.

"कोण इलाहा गो, पमे?"

"वकीलबाई." हा पमाचा आवाज.

"काय म्हणता ती?"

"दिगू माका नेता, तर जातलंय काय, विचारता."

"मगे? तू काय सांगलंस?"

"होय सांगलंय."

माझ्या हातातलं पेन कागदाला टेकलंही नव्हतं. वैशाखातली दुपार, वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मग म्हातारी पुन्हा बोलली.

"तिका कायतरी खावक दी आदी. सकाळपासून पोटात काय नाय तिच्या. आनि भियाता ती."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पहाटेची एसटी गाठायच्या नादात मी चहावरच निघाले होते, आणि या क्षणी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते. मी घाटावरची, साताऱ्याकडची. भुतंखेतं आमच्याकडेही आहेत, पण ती बिचारी रात्रीची हिंडतात, दिवसा आपल्या कामाच्या आड येत नाहीत. कोकणात नवऱ्याच्या नोकरीपायी येऊन राहिले तेव्हापासून इथल्या देवचारांच्या गोष्टींना मी तोंडभर हसत आले होते. त्या दुपारी मात्र हसू गळ्यातच राहिलं.

पमा बाहेर आली ती वाटीत गूळपोहे घेऊन. "आयेन सांगल्यान, खावा," म्हणाली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. मी खाल्ले. न खाऊन सांगते कुणाला!

"पमाताई, आत कोण आहे?"

"आये."

"मी बघू?"

"होय."

मी दार ढकललं. कोकणातल्या जुन्या घरात बाळंतिणीसाठी असते तशी ती बिनखिडकीची खोली होती. भिंतीलगत एक पाट, दोरीवर घडी घातलेलं नऊवारी लुगडं, आणि बाकी काही नाही. दुसरं दार नाही, कोनाड्यात उंदीर लपेल एवढीही जागा नाही. खोलीत सारवणाचा थंड वास होता. मी आत पाऊल टाकलं नाही, हे कबूल करते.

आता मी तिथे काय करत होते ते सांगायला हवं. पमाचा भाऊ दिगंबर मेस्त्री याने बहिणीचा कायदेशीर पालक म्हणून आपली नेमणूक व्हावी असा अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे केला होता. पमा जन्मापासून मंद. कागदोपत्री तेव्हा 'मतिमंद' हाच शब्द चालायचा, आजचे बरे शब्द नंतर आले. भाऊ एकदा पालक झाला, की पमाने कुठे राहायचं, काय करायचं, हे तो ठरवणार. आणि त्याने ठरवलंही होतं. बदलापूरजवळच्या एका निवासी संस्थेत तिला ठेवायची आणि घराला कुलूप लावायचं. समितीतल्या कुणाला तरी सुचलं की हिच्या बाजूनेही कोणी बोलावं, म्हणून विधी सेवेच्या यादीतून मला पाठवलं. वकिलाचं पहिलं काम अशिलाला काय हवं ते समजून घेणं. एवढंच मला करायचं होतं, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

कारण पमा सगळ्याला 'होय' म्हणायची. दिगूबरोबर जायचंय? होय. इथेच राहायचंय? होय. मी परत जाऊ? होय. मी प्रश्न फिरवून विचारला, हसून विचारला, जरा दटावूनही पाहिलं, पण उत्तर एकच. फार खोदलं की ती उठायची, "विचारून येतंय" म्हणायची, आणि मग त्या खोलीत तो खोकला सुरू व्हायचा.

निघताना शेजारच्या सत्यवतीकाकी कुंपणापाशी उभ्या दिसल्या. पमाला रोज दोन वेळा हाक मारून बघणाऱ्या, आठवड्याचं मासळी-मीठ आणून देणाऱ्या याच. पण त्या कुंपणाच्या आत येत नव्हत्या.

"आयकलास?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऐकलं. कोण आहे काकी आत?"

"कोण म्हंजे? भागीरथी. पमाची आवस. चाळीस वर्सां शेजार केलंय मी तिचो, माका आवाज वळखूक येयत नाय?" त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "मरताना जीव चेडवात अडकलो तिचो. म्हणा होती, माझ्या पमाक कोण इचारतलो? ता बघा, अजून इचारता हा."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटता मा. म्हनान तर हयसर उभी आसय. पन पमाक त्रास नाय हा तिचो. दिगूक मात्र हाकलून घातल्यान."

मग त्यांनी ती हकिगत सांगितली. आईच्या वर्षश्राद्धाला दिगू आला होता. विधी आटोपल्यावर त्याने पमाचे कपडे पेटीत भरायला घेतले. संध्याकाळच्या गाडीने तिला घेऊन निघायचं होतं. पमा तिथून उठून गेली, आणि थोड्या वेळाने काळोख्या खोलीतून भागीरथीचा आवाज आला, "दिगू, पेटी खाली ठेव. माझ्या चेडवाक हात लावू नको. जा हयसून." दिगू उघड्या पायांनी पळाला तो थेट सत्यवतीकाकींच्या अंगणात येऊन थांबला. दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. देवाच्या अंगावरची कळी डावीकडे पडली. घरात बाधा आहे, असा अर्थ सगळ्या गावाने एकमताने काढला. गावाचं एकमत एवढं पटकन क्वचितच होतं.

"ह्या सगळा सायबांका सांगू नकात हां," काकी म्हणाल्या. "भूत लागलेली बाय म्हणान पमाक खय तरी कोंडून घालतीत."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मतिमंद बाईला भाऊ हवा की स्वातंत्र्य, यावर वाद घालता येतो. मेलेल्या आईशी बोलणाऱ्या, आणि वर तिची उत्तरंही ऐकू येणाऱ्या बाईबद्दल कोणती समिती वाद घालत बसेल? सरळ डॉक्टरकडे पाठवतील, तिथून कुठे ते देव जाणे.

सुनावणीआधी मी आणखी एकदा गेले. या वेळी जेवून गेले, कुणाला बोलायला जागा नको. अंगण लख्ख झाडलेलं होतं, तुळशीला पाणी घातलेलं, विहिरीवरची कळशी घासून पालथी ठेवलेली. सगळं पमाच करत होती. चुलीवर भात शिजत होता आणि झाकणावर हात धरून वाफेवरून तिला कळत होतं की आता उतरवावा. मी तिला म्हटलं, "पमाताई, मी तुमची माणूस आहे. दादाची नाही, साहेबांची नाही. तुम्हाला काय हवं तेवढंच मी त्यांना सांगणार. सांगाल मला?"

"होय," म्हणाली, आणि उठली. "विचारून येतंय."

मी या खेपेला दाराजवळ जाऊन उभी राहिले. धीर करून. दार आणि चौकट यांच्यात बोटभर फट होती, पण आत काळोख असा की फट असून नसून सारखीच.

"परत इली ती," पमा म्हणाली.

"इली तर येव दी." खोकला. "माणूस बरा दिसता. दाराक कान लावून उभी आसा, पन बरी आसा."

मी दारापासून अशी मागे सरले की उंबऱ्याला टाच लागून पडता पडता वाचले. आतून बारीक हसण्याचा आवाज आला. तो कुणाचा होता, पमाचा की दुसऱ्या कुणाचा, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"सांगू तिका?" पमाने विचारलं.

"आज नको. ती एकटी आयकान काय करतली? ज्यांच्या हातात आसा, त्यांच्यासमोर सांगूचा."

पमा बाहेर आली. माझ्याकडे पाहून तिने मान हलवली. "मगे सांगतंय," म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी होती त्या दिवशी पमाला मी आणि सत्यवतीकाकी एसटीने घेऊन गेलो. पमाने इस्त्रीची साडी नेसली होती, केसांत अबोलीचा वळेसर माळला होता, आणि सगळा रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत होती. काय चाललंय ते तिला कितपत कळलं असेल, असा विचार माझ्या मनात येत राहिला.

व्हरांड्यात दिगंबर भेटला. मला वाटलं होतं, घशात घर घालायला टपलेला भाऊ भेटेल. असा भाऊ असला की वकिलाचं काम सोपं होतं. पण समोर होता एक दमलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेला, डोळ्यांखाली काळं पडलेला माणूस. त्याने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, तुम्ही आमच्या घरी जाऊन आलात म्हणे. ऐकलंत?"

मी हातातल्या फाइलची दोरी बांधू लागले.

"ऐकलंत. तुमच्या तोंडावरून कळतंय." त्याने रुमालाने कपाळ पुसलं. "मला घर नको, मॅडम. वाडी नको. पडू दे सगळं. मला झोप येत नाही. माझी आई मुक्त झालेली नाही आणि माझी मंद बहीण तिच्याबरोबर त्या घरात एकटी राहते. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? तिथे संस्थेत माणसं आहेत, दिवे आहेत, डॉक्टर येतो. दोन दिवस ठेवून बघितली होती मी तिला मागच्या दिवाळीत. काही त्रास दिला नाही तिने. विचारलं, आवडलं का? होय म्हणाली."

"ती सगळ्यालाच होय म्हणते, दिगंबरराव."

"म्हणूनच कुणीतरी तिच्या वतीने ठरवायला हवं ना?"

तो माणूस खरं बोलत होता, आणि बहिणीवर त्याची माया होती. मायेच्या माणसाशी लढणं फार अवघड. त्याला हरवायचं म्हणजे नेमकं कशाला हरवायचं?

आम्हाला आत बोलावलं. समितीचे अध्यक्ष पन्नाशीचे, शांत, चष्मेवाले अधिकारी होते. शेजारी एका संस्थेच्या कार्यकर्त्या शिरोडकरबाई, आणि कुबड्या टेबलाला टेकवून बसलेले एक सदस्य, आंगणे म्हणून. अध्यक्षांनी पमाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मऊ आवाजात विचारलं, "पमाताई, दादाबरोबर जाणार ना?"

"होय."

शिरोडकरबाई पुढे झुकल्या. "की आपल्या घरीच राहायचंय?"

"होय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. "सर, एक प्रश्न मी विचारू? पमाताई, या साहेबांच्या घरी राहायला जाल?"

"होय."

सगळे हसले, पमाही हसली. दिगंबर मात्र हसला नाही. "बघितलंत ना साहेब? तिला समजतच नाही. आमच्या आईने तिला शिकवलंय, मोठ्या माणसांनी विचारलं की होय म्हणायचं. देवळात गाऱ्हाण्याला सगळे 'होय महाराजा' म्हणतात ना, तसं."

"कणसे मॅडम," अध्यक्ष मला म्हणाले, "तुमच्या अशिलाचं म्हणणं काय आहे, ते तुम्ही तरी सांगा."

मला ठाऊक नव्हतं. मी असं म्हणू शकत होते की तिला घरीच राहायचंय; अंगण झाडणारी, आपला भात आपण उतरवणारी बाई घर सोडेल कशाला. पण तो माझा अंदाज होता. तिच्या तोंडात माझं वाक्य घालायचं, तर भावाने त्याचं घातलं तर काय बिघडलं? आणि तिचं स्वतःचं उत्तर जिथून येतं तो रस्ता उघडायचा, तर भर कचेरीत मेलेली बाई बोलणार. मागच्या बाकावरून सत्यवतीकाकी माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, नको, नको.

"सर, माझ्या अशिलाला विचार करायला एकान्त लागतो," मी म्हणाले. "माणसं समोर असली की ती त्यांना हवं ते बोलते. तुमच्या शेजारची खोली थोडा वेळ मिळेल?"

शेजारी एक छोटी खोली होती, मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेला कूलर ठेवायची. अध्यक्षांनी खांदे उडवले. शिपायाने दार उघडलं. मी पमाला म्हटलं, "पमाताई, दादा तुम्हाला संस्थेत नेऊन ठेवणार म्हणतो. कायमचं. जायचं की नाही, हे आज इथे ठरणार आहे. ज्यांच्या हातात आहे ते सगळे इथे बसलेत."

ती उठली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "विचारून येतंय," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

पंखा फिरत होता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आंगण्यांनी विचारलं, "कुणाला विचारणार?" तेवढ्यात दाराआड म्हातारी खोकली.

चहाचा ट्रे घेऊन आत येत असलेला शिपाई होता तिथेच थांबला. कपबश्या किणकिणायला लागल्या. त्या खोलीत आत्ता आपण एकच बाई सोडली हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"काय गो, पमे?"

"आये, दिगू माका नेता. कायमचा. जाव काय?"

दिगंबरने खुर्चीचे हात घट्ट धरले. "हीच," तो पुटपुटला. "साहेब, हीच आई माझी."

"तुका कसा वाटता?" म्हातारीने विचारलं.

मग पमाचा बारीक आवाज, एकेक शब्द जागेवर ठेवत आल्यासारखा. "थंय सगळी एकदम निजतत. एकदम उठतत. माका थंय दुसरी बाय आंघोळ घाली होती. दार उघडा ठेवन. मी आपणच करतंय आंघोळ. मी सांगलंय तिका, तर ती म्हणाली, गप बस."

"आनि?"

"थंय चुलीकडे जाऊक देयत नाय. आंगण झाडूक देयत नाय. दिवसभर बसून ऱ्हवाचा. माका बसान भूक लागना नाय."

"मगे सांग तसा त्यांका."

"ते आयकणत नाय, आये."

"मी सांगू?"

शिरोडकरबाईंनी साडीचा पदर गळ्याभोवती आवळून घेतला होता. माझी नजर दारावर खिळली होती आणि ते आता आतून उघडणार आणि बाहेर पमा येणार नाही, दुसरंच कोणी येईल, अशी मला त्या क्षणी खात्री वाटत होती.

"नको," पमा म्हणाली. "आज मी सांगतंय."

दार उघडलं. पमाच बाहेर आली. वळेसरातली दोन अबोलीची फुलं खांद्यावर पडली होती. ती अध्यक्षांसमोर गेली नाही, माझ्याकडेही आली नाही. भावासमोर जाऊन उभी राहिली.

"दिगू, नको. मी येवचंय नाय."

कुणाच्या तोंडावर 'नको' म्हणताना तिला मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण दिगंबर तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे, त्या अर्ध्या उघड्या दारावर होती. तो उठला, खुर्ची मागे पडली, आणि हात जोडून तो दाराकडे वळला.

"आये," तो म्हणाला, "आये, चुकला माजा. बाहेर ये. नायतर मोकळी हो. सांग, काय व्हया तुका?"

"आये नाय थंय," पमा म्हणाली.

"मी आयकलंय गो. सगळ्यांनी आयकला."

"आये मेली, दिगू. तूच अग्नी दिलंस मा?"

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "मगे तो आवाज?"

"माझो."

असं म्हणून ती खोकली. आमच्या डोळ्यांदेखत, भर दिवसा, त्या बुटक्या बाईच्या छातीतून तो दमेकरी म्हातारीचा खोकला आला. तिचे ओठ हलले आणि भागीरथीचा आवाज बाहेर पडला, "कोण इलाहा गो, पमे?" मग ती पुन्हा आपल्या आवाजात बोलायला लागली. "आयेन शिकवल्यान. मी नसलंय की आत जा, दार लाव, माझ्यासारखा आपणाक इचार. तुका काय वाटता, म्हणान. घाई करू नको. मगे भायर ये आनि सांग."

पमाची शेवटची वाक्यं ऐकताना सत्यवतीकाकी मागे हुंदके देत होत्या. भूत निघून गेलं होतं आणि मला खरी भीती तेव्हा वाटली. अख्खा गाव, देवळातला कौल, कुंपणाबाहेर उभी राहणारी शेजारीण, आणि मीसुद्धा, ज्या बाईचं म्हणणं कान देऊन ऐकत होतो ती मेलेली होती. माझी भूक आणि भीती ओळखणारी जिवंत बाई रोज अंगण झाडत होती.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पमाताई," त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यांचा आवाज मऊ नव्हता, मोठ्या माणसाशी बोलतो तसा होता, "एकटीला काही अडलं तर?"

पमाने जरा वेळ घेतला. कुणीही मध्ये बोललं नाही. "काकी आसा," ती म्हणाली. "तिका सांगा, आत येवा म्हणान. भायर उभी ऱ्हवता ती."

अर्ज नामंजूर झाला. पालक नेमायची गरज दिसत नाही, पमा मेस्त्री आपल्या घरी राहतील, लागेल तेव्हा मदतीला शेजारच्या सत्यवतीकाकी आणि पंचायतीने लक्ष द्यावं, आणि कुठलाही निर्णय घेताना त्यांना वेगळं बसून विचार करायला वेळ द्यावा, असं अध्यक्षांनी लेखनिकाला सांगितलं. आंगण्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. पुढे पमा त्या घरात बारा-तेरा वर्षं राहिली आणि तिथेच गेली. मी वकिलीत बरेच खटले जिंकले, पण खटला कुणी जिंकला असं विचारलं तर या एकात मला माझं नाव घेता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात दिगंबर बाकावर बसला होता. पमा त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी काकींची वाट बघत जवळच उभी होते, म्हणून ऐकू आलं.

"त्या दिवशी, पेटी भरी होतंय तेव्हा," तो म्हणाला, "ती तूच?"

"होय."

"मी किती भियालंय माहीत आसा? तेव्हापासून झोप नाय माका, पमे." त्याचा आवाज चिरकला. "आयेचो आवाज कित्याक काढूचो? माझ्या तोंडार सांगूचा होता मा, नको म्हणान."

पमाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आदी तुझ्या तोंडारच सांगललंय," ती म्हणाली. "तू हसलंस."

दोघं तसेच शेजारी बसून राहिले, आणि मला काकींना हाक मारायचा धीर होईना.